पहिल्या खोकल्याची तारीख

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, मुंबई

भाऊबीज आटोपून रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर पकडली. डब्यात नेहमीप्रमाणे फायलीवाले होतेच. एक्स-रेचं मोठं पाकीट दुमडू नये म्हणून उशाखाली सपाट ठेवायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही, पण सगळे तसंच करतात. सकाळी दादरला उतरले आणि परळचं कॅन्सर रुग्णालय गाठलं.

दिवसभर रेकॉर्ड रूम. आमच्या तालुक्यांतले कॅन्सरचे जे रुग्ण मुंबईला येतात त्यांच्या फायली काढायच्या आणि कॅन्सर नोंदणीचे फॉर्म भरायचे. नाव, वय, पत्ता, गाठ कुठली, निदान कशावरून, तारीख, रोग कितपत पसरलेला. शेवटच्या प्रश्नाला चार चौकटी: जागच्या जागी, आसपास, दूरवर, माहीत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचा कोड सी-३४. आज या कोडच्या जेवढ्या फायली हाती आल्या, त्यांतल्या बहुतेकींवर ‘दूरवर’च्या चौकटीत खूण करावी लागली.

पत्त्याचा घोळ आजही होता. फाईलवर घणसोली लिहिलंय, पण माणूस भूमजवळचा. पुतण्याच्या खोलीवर उतरलेला, आधार दाखवायला नको म्हणून तोच पत्ता दिलेला. नोंदणीचा नियम साधा आहे: निदानाआधी किमान एक वर्ष जिथे राहिला तिथला रहिवासी. फाईलमध्ये मागे मागे जात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी सापडली, म्हणून तो आमच्याकडे आला. नाहीतर त्याची चौथी स्टेज नवी मुंबईच्या खात्यात जमा झाली असती.

बुधवार, ६ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावर डेटा एन्ट्रीचा नवा मुलगा बसतो. त्यानं विचारलं, “मॅडम, लंगवाले सगळे इतक्या उशिरा का येतात? घरच्यांना दिसत नाही?”

त्याला सांगितलं, फुप्फुसाला आतून दुखत नाही. दुखणं कळणाऱ्या नसा बाहेरच्या आवरणात असतात. गाठ तिथवर पोचेपर्यंत माणूस शेतात नांगर धरतो, लग्नात वाढपी होतो, निवडणुकीत प्रचार करतो. खोकला असतो, पण खोकला कुणाला नसतो? त्यामुळे या रोगाचं निदान जगभर उशिराच होतं. अमेरिकेतसुद्धा जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये निदानाच्या दिवशीच तो दूरच्या अवयवांत पोचलेला असतो.

मग तो म्हणाला, “आणि आपल्याकडे?” राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल त्याच्यापुढे ठेवला. रुग्णालयांतल्या नोंदींवरून पुरुषांत ४४ टक्के, बायकांत ४७.६ टक्के.

“म्हणजे आपण अमेरिकेपेक्षा बरे?”

इतका रोखठोक प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही. उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. आठवडाभर तोच डोक्यात राहणार.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तोच अहवाल घेऊन रात्री बसले. २०१२ ते २०१६ चे आकडे. सगळ्या प्रकारचे कॅन्सर मिळून पुरुषांत सर्वांत वरचा दर ऐजॉल जिल्ह्याचा, लाखामागे २६९.४. तळाशी आपले उस्मानाबाद आणि बीड, ३९.५. वयाचा फरक काढून टाकल्यावरसुद्धा एकाच देशात जवळजवळ सातपट अंतर. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही ऐजॉलच वर, आणि तिथे बायका पुरुषांच्या बरोबरीनं.

यातला मोठा भाग खरा फरक आहे, कागदावरचा नाही. २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत धूम्रपान सर्वांत जास्त मिझोरामात होतं, तीनांत एक प्रौढ. सर्वांत कमी महाराष्ट्रात, ३.८ टक्के. आपल्याकडे तंबाखू नाही असं थोडंच आहे! ती धुरातून न जाता गालात बसते. चुना, मावा, मशेरी. त्यामुळे आपली खरी पीडा तोंडाचा कॅन्सर. सोलापुरात हजारो बायका आयुष्यभर विड्या वळतात, पण त्यांतल्या बऱ्याच विड्या ओढणारे दुसऱ्या प्रांतांत बसलेले असतात.

धूर म्हणजे नुसती विडी-सिगारेट नव्हे. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई म्हणून भाग आहे. तिथल्या बायका सिगारेट जवळपास ओढतच नसत, तरी त्यांच्यातलं फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जगात गाजलं. कारण घरातच, धुराड्याशिवाय जळणारा धुरकट दगडी कोळसा. चुलीला धुराडं बसवल्यावर प्रमाण उतरलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं घरात जळणाऱ्या कोळशाचा धूर पक्क्या कारणांत धरला आहे, आणि आपल्या लाकडाफाट्याचा त्याच्या खालच्या, ‘संभाव्य’ गटात.

रोग किती होतो यातला फरक असा उलगडतो. रोग सापडतो तेव्हा किती पुढे गेलेला असतो, यातला फरक मात्र धुरावरून समजत नाही. त्यासाठी माणसाच्या मागे मागे गावात जावं लागतं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

परत आले. एसटीत पंढरपूरची गर्दी, उभ्यानंच प्रवास. घणसोलीच्या पत्त्याचा माणूस ज्या गावचा, तिथे गेले. माणूस दिवाळीआधीच गेला होता. पत्नीनं पाणी दिलं आणि बाजेवर बसवलं. नोंदणीचं काम म्हटलं की लोकांना वाटतं पैसे मिळणार. तसं नाही हे आधीच सांगून टाकते.

“ताई, खोकला तर कारखान्यावरच सुरू झाला होता,” त्या म्हणाल्या. ऊसतोडीला दोघांचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटल्याशिवाय पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हलता येत नव्हतं. कारखान्याजवळच्या डॉक्टरनं बाटल्या दिल्या. गावी आल्यावर तालुक्याला एक्स-रे काढला, त्यात वरच्या बाजूला डाग. डाग म्हटलं की टीबी. बेडका तपासला, त्यात काही निघालं नाही, तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू झाली.

त्यांनी फडताळातून रिकामी पाकिटं काढून दाखवली. सगळी जपून ठेवलेली, रबर लावून. “लघवी लाल होत होती, म्हणजे औषध लागू पडतंय असं समजत होतो.” ती लाली रिफाम्पिसिनची. रोग असो वा नसो, ती होतेच. पहिल्या दोन महिन्यांत वजन उतरत गेलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका असं बजावलेलं होतं, आणि त्यांनी तो सोडला नाही. मग छातीत पाणी झालं. सोलापूरला पाणी काढलं, त्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या. ‘सुई टोचली की पसरतो’ म्हणून भावकीनं बायोप्सी अडवली. शेवटी मुंबई.

कुणाला दोष द्यावा? आपल्या देशात जगातले चौथ्या हिश्शाहून जास्त क्षयरोगी आहेत. खोकला, ताप, झिजलेलं अंग, वरच्या भागात डाग, असा माणूस समोर आला की टीबी मनात येणं चूक नाही. चूक पुढे होते. औषध लागू पडत नाही हे दिसल्यावर दुसरं काही मनात यायला हवं, ते येत नाही. टीबीची नोंद करणं २०१२ पासून सक्तीचं आहे, रुग्णाच्या खात्यावर पोषणाचे पैसे येतात, ते या महिन्यापासून पाचशेचे हजार झाले. टीबी म्हटलं की सगळी व्यवस्था हलते. टीबी नाही म्हटलं की माणूस एकटा पडतो. सरकारी योजना उपचाराला लागू होते, पण त्याआधीच्या सीटीचा आणि बायोप्सीचा खर्च बहुतेक वेळा घरातूनच जातो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंदवही. कारणाच्या रकान्यात ‘वृद्धापकाळ’, ‘दमा’, ‘हृदयविकार’, पुन्हा ‘दमा’. दम्यानं गेलेला एक माणूस पन्नाशीही न गाठलेला. ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं.

देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. रुग्णालयात बसून खेड्यातला रुग्ण सापडत नाही, म्हणून नोंदणीचे लोक गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, दाई यांना विचारू लागले. आम्हीही तसंच फिरतो. म्हणून दम्याच्या त्या माणसाच्या घरी गेले. बेडक्यातून रक्त पडत होतं, मानेला गाठ आली होती, आवाज बसला होता. कागद मात्र एकही नाही. एक्स-रे होता, तो मुलांनी ग्रहण बघायला वापरला आणि मग फाटला. कागद नाही म्हणजे फॉर्म नाही.

डेटा एन्ट्रीच्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. ज्यांचं सर्वांत उशिरा व्हायचं, त्यांचं निदान होतच नाही. ते चौथ्या स्टेजमध्येही मोजले जात नाहीत. जिथे सीटी नाही, पॅथॉलॉजिस्ट नाही, तिथला आकडा वाईट दिसायला हवा, तर तो उलट बरा दिसतो.

बुधवार, २० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मतदान करून आले. शाई वाळायच्या आत वाचायला बसले.

दुसरं उत्तर उलट टोकाचं आहे. १९८५ साली आल्व्हन फाइनस्टाइन या अमेरिकी डॉक्टरनं फुप्फुसाच्याच रुग्णांचे दोन काळांतले गट ताडून पाहिले. नव्या काळात प्रत्येक स्टेजचे रुग्ण जास्त जगताना दिसत होते. कारण नुसता उपचार नव्हता. नव्या तपासण्यांत बारीक पसरलेला रोगही दिसू लागला, म्हणून पूर्वी खालच्या स्टेजमध्ये गणले गेलेले वरच्या स्टेजमध्ये सरकले. खालच्या गटातले कमजोर गेले, वरच्या गटात त्यातल्या त्यात धडधाकट आले, दोन्ही सरासऱ्या सुधारल्या. माणूस एकही जास्त जगला नाही तरी तक्ता सुधारतो. त्यानं याला विल रॉजर्स या विनोदवीराचं नाव दिलं, कारण ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियात गेलेल्यांनी दोन्हीकडची सरासरी अक्कल वाढवली, असा विनोद त्याच्या नावावर आहे.

म्हणजे पेट-सीटी असलेल्या शहरात चौथी स्टेज जास्त दिसणार. नियम बदलले तरी आकडा हलतो. छातीतल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर तो रुग्ण पूर्वी तिसऱ्या स्टेजच्या ‘बी’ भागात असे. २०१० च्या सुमारास आलेल्या सातव्या आवृत्तीनं त्याला चौथीत टाकलं. पाणी तेच, पेशी त्याच.

पण मग हे सगळं नुसता मोजणीचा खेळ आहे का? मँचेस्टर वाचलं की तसं म्हणवत नाही. इंग्लंडच्या त्या शहराच्या गरीब भागात २०१६ साली बाजारपेठांच्या पार्किंगमध्ये सीटीची गाडी उभी केली. बोलावलं ते सिगारेट ओढणाऱ्या किंवा ओढून सोडलेल्या मंडळींना. जवळपास चौदाशे जणांचं स्कॅन झालं, ४२ जणांत कॅन्सर सापडला. त्यांतले ८० टक्के पहिल्या-दुसऱ्या स्टेजला. त्याआधी त्याच भागात जवळजवळ निम्मे रुग्ण चौथीत असत, गाडीत सापडलेल्यांत हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. लोक तेच, सवयी त्याच, फक्त तपासणी दाराशी आली.

आपल्याकडे तशी गाडी उभी केली तर? इथे धूर ओढणारे कमी, टीबीचे जुने वण मात्र छातीछातीत. सीटी प्रत्येक वणावर बोट ठेवेल आणि शंभर निरोगी माणसं सुईच्या रांगेत लागतील. मँचेस्टरची गाडी जशीच्या तशी परांड्यात चालणार नाही. आपला उशीर जिथे होतो तिथेच हात घालायला हवा. चाळिशी ओलांडलेला रुग्ण, बेडक्यात जंतू सापडलेले नाहीत, एकेटीचे दोन महिने झाले आणि वजन उतरतंच आहे, तर त्याची सीटी झालीच पाहिजे, आणि तिचे पैसे त्याच्या खिशातून जाता कामा नयेत. टीबीच्या कार्डावर एवढी एक ओळ छापली तरी पुष्कळ.

सोमवार, २५ नोव्हेंबर

नोंदणीच्या सरांपुढे विषय काढला. फॉर्मवर निदानाची तारीख आहे, पहिल्या खोकल्याची नाही. दोन तालुक्यांत ‘दूरवर’ची टक्केवारी सारखी असेल, पण एकीकडे सहा आठवडे गेले असतील आणि दुसरीकडे वर्ष. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

सर म्हणाले, फॉर्म देशभर एक आहे, त्यात आपण रकाना घालू शकत नाही. ते खरं आहे. मी म्हटलं, मग आपली वेगळी वही ठेवू. चार तारखा: पहिला खोकला, पहिला एक्स-रे, एकेटी केव्हा सुरू, पेशींचा रिपोर्ट केव्हा. आणि ज्यांचा कागदच नाही, त्यांचंही एक पान.

“नातेवाइकांना तारीख आठवत नाही,” सर म्हणाले. “पोळ्याच्या आसपास म्हणतात, पट्टा पडायच्या आधी म्हणतात.”

“तसंच लिहू. पोळा कधी होता ते पंचांगात मिळेल, पट्टा कधी पडला ते कारखाना सांगेल.”

त्यांनी मान्य केलं, पण सहा महिने करून दाखवा म्हणाले, आणि फेऱ्यांचा जादा खर्च मिळणार नाही हेही सांगितलं. डेटा एन्ट्रीच्या मुलाला फोन केला, एक्सेलची शीट बनवून दे म्हणून. त्यानं संध्याकाळी पाठवली. त्यानं स्वतःहून पाचवा रकाना घातला आहे: पहिल्या खोकल्यापासून रिपोर्टपर्यंतचे दिवस. सूत्र लावून दिलंय, आपोआप वजाबाकी होते. पहिल्या ओळीत घणसोलीच्या पत्त्याचा माणूस भरला. आकडा तीनशेच्या वर गेला. उद्या दुसरी फाईल.