सीमेपलीकडचा हत्ती आणि आपला कायदा

पर्यावरणाचे जागतिक करार म्हणजे परिषदा आणि भाषणे, असा सर्वसाधारण समज आहे. पण एक करार असा आहे, की त्याचा संबंध थेट आपल्या घरांतील लग्नकार्यांशी येतो.

मारवाड-गुजरातेतून महाराष्ट्रात स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत पूर्वी नववधूच्या हातात हस्तिदंती चुडा भरीत. माझ्या आजीच्या हातातील, काळाने पिवळसर झालेला चुडा मला चांगला आठवतो. तो सुळा कोठून आला, हे घरात कोणी विचारीत नसे. पुढे वाचनात आले, की मुंबई बंदरात उतरणारा पुष्कळसा हस्तिदंत पूर्व आफ्रिकेतून येई. मंगलकार्य इकडे आणि मृत्यू तिकडे! गिऱ्हाईक आणि बळी यांच्यामध्ये समुद्र असेल, तर एकट्या देशाचा कायदा अपुरा पडतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा ‘सायटीस’ करार झाला. तो १ जुलै १९७५ पासून अमलात आला. १९७६ मध्ये भारतही त्यात सामील झाला. बँकेत उमेदीची वर्षे कागदपत्रे तपासण्यात गेल्याने त्याची रचना मला चटकन उमगली. जगाला पोलीस नाही. म्हणून करार जातींची तीन परिशिष्टे करतो आणि परवान्याचा कागद नसेल तर माल सीमेपार जाऊ देत नाही. पहिल्या परिशिष्टातील वन्य जातींचा व्यापार जवळजवळ बंदच असतो. जो देश नियम पाळीत नाही, त्याच्याशी असा व्यवहार थांबवा, अशी शिफारस इतरांना केली जाते.

१९७९ ते १९८९ या दहा वर्षांत आफ्रिकी हत्ती सुमारे १३ लाखांवरून ६ लाखांवर आले, असा अंदाज होता. जुलै १९८९ मध्ये केनियाने १२ टन हस्तिदंत जाहीरपणे जाळला. हिशेबाच्या दृष्टीने हे नुकसानच. पण ज्या मालाला बाजार उरत नाही, त्यासाठी कोणी जीव घेत नाही, हा त्यामागील विचार होता. ऑक्टोबरमध्ये लोझान येथे आफ्रिकी हत्ती पहिल्या परिशिष्टात गेला.

मात्र १९९९ आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिका खंडातील काही देशांना साठ्यातील हस्तिदंत विकण्याची सवलत मिळाली. हत्ती आम्ही सांभाळले, शेतीचे नुकसान आम्ही सोसतो, मग उत्पन्न का नको, हा त्यांचा सवाल पोकळ नव्हता. तरीही मला ती सवलत पटत नाही. वैध माल थोडा जरी बाजारात आला, तरी अवैध माल त्याच्याच पावतीआड लपतो. चीनने २०१७ अखेर आपला देशांतर्गत हस्तिदंत बाजार बंद केला, तो मार्ग अधिक सरळ वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ मध्ये दुरुस्त्या होऊन भारतीय आणि आयात, दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद झाला. वारशाने आलेली जुनी वस्तू ठेवायची तर मालकीचे प्रमाणपत्र हवे. ती विकता मात्र येत नाही. जागतिक करार अखेरीस पाळला जातो तो घराघरातील कपाटापाशी. तेव्हा वाचकहो, अशी वस्तू आपल्याकडे असल्यास तिचे कागद एकदा पाहून घ्यावेत, आणि कोणी गुपचूप विकत देऊ केल्यास स्पष्ट नकार द्यावा.