‘दऱ्या’ नावाची फाईल

“अहो दादा, फाईल समोर दिसतेय की! तुमची स्क्रिप्ट नाही कशी म्हणते?”

ताई फोनवर होत्या. एका जुन्या मासिकाचे अंक स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवायचं काम चाललं होतं. स्कॅनिंग ताईंकडे, त्या फायली उचलून, हलक्या करून, अनुक्रमणिकेशी जोडून सर्व्हरवर नेणारी नोडमधली बिल्ड स्क्रिप्ट माझ्याकडे. ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ या लेखापाशी बिल्ड थांबली होती. अनुक्रमणिकेत नाव होतं, फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल होती, आणि टर्मिनलवर लाल अक्षरांत ईएनओईएनटी, म्हणजे अशी फाईल वा फोल्डर नाही.

दोन्हीकडचं नाव मी एकेक अक्षर सुटं करून छापलं. अनुक्रमणिकेतला ‘दऱ्या’ पाच संकेतांचा निघाला: द, ऱ, हलन्त, य, काना. फायलीच्या नावातला सहा संकेतांचा: द, साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा शून्यरुंदी जोडक, य, काना. युनिकोडच्या यूटीएफ-८ साठवणीत यातला प्रत्येक संकेत तीन बाइटचा. एक शब्द पंधरा बाइटचा, दुसरा अठराचा. पडद्यावर दोघांचा चेहरा हुबेहूब सारखा. लिनक्सची फाइल सिस्टिम चेहरा बघत नाही, बाइट मोजते. तिच्या लेखी ही दोन वेगळी माणसं.

याच शब्दाला तिसरंही रूप आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं साठवताना ‘ऱ’ फोडून र आणि खालचा नुक्ता असे दोन संकेत ठेवायची. पहिलं आणि तिसरं रूप जावास्क्रिप्टच्या नॉर्मलाइझने एक होतं. जोडकाचं रूप मात्र त्याने हलत नाही. इंग्रजी नावांवर वाढलेल्या कुठल्याही पॅकेजला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. ‘वाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोपऱ्यात’ लिहिणाऱ्यांना तो रोज पडतो.

खरं तर हे मला फार आधी सुचायला हवं होतं, कारण डिस्कवर काय आहे ते गृहीत धरायचं नाही, हा धडा डिस्कने वेगळ्या रूपात मला आधीच दिला होता. नोडवर काम सुरू केलं तेव्हा फोल्डर बनवायचा माझा रिवाज असा: आधी विचारायचं, आहे का? नसेल तर बनवायचं. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! मग एका बिल्डमध्ये दोन प्रोसेस एकाच वेळी चालवल्या. दोघींनी विचारलं, दोघींना ‘नाही’ असं उत्तर मिळालं, दोघी बनवायला धावल्या. एकीला मिळालं, दुसरी ‘आधीच आहे’ ही एरर घेऊन कोसळली. तेही रोज नाही, अधूनमधून, म्हणून शोधायला दिवस गेले. विचारणं आणि करणं यांच्या मधल्या फटीत डिस्क बदलते. नोडने जुनं एक्झिस्ट्स हे फंक्शन बाद ठरवलं आणि फाईल उघडण्याआधी ती आहे का हे तपासू नका असं दस्तऐवजातच लिहून ठेवलं. सरळ उघडा, एरर आली तर तिला उत्तर द्या. हा सल्ला मला त्या दिवसांनंतर कळला. नुसता वाचून कळला नसता.

जेम्स हॅलिडेंचं एमकेडिरपी नावाचं छोटं पॅकेज हेच काम नेमकेपणाने करायचं: बनवून बघ; आई-फोल्डर नाही म्हणालं तर आधी ते बनव; ‘आधीच आहे’ म्हणालं आणि ते खरंच फोल्डर असेल तर काम झालं समज. २०१८ साली नोड १०.१२ मध्ये हीच सोय मूळ एमकेडिरमध्ये रिकर्सिव्ह या पर्यायाने आली. अख्खं फोल्डर पुसणारं आयझॅक श्लूटरांचं रिमरॅफ तसंच. त्याची सोय १४.१४ मध्ये आरएम या नावाने मूळ नोडमध्ये उतरली. इतक्या साध्या गोष्टीला पॅकेज कशाला, असं तेव्हा लोक विचारायचे. मला त्या पॅकेजांबद्दल आजही कृतज्ञता वाटते. फोल्डर बनवणं साधं नाही, हे त्यांनी प्रत्येकाच्या वतीने एकदाच शिकून घेतलं होतं.

लिहिण्याचंही तसंच. सर्व्हर अनुक्रमणिकेची जेसन फाईल वाचत असतानाच माझी स्क्रिप्ट तीच फाईल नव्याने लिहीत होती. सर्व्हरच्या हाती अर्धीच फाईल लागली आणि वाचकांना कोरं पान दिसलं. तेव्हापासून मी नवी फाईल शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहितो, डिस्कवर पक्की उतरली की तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवतो. लिनक्सवर हा नावबदल एका झटक्यात होतो. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी मिळते, नाहीतर पूर्ण नवी. यात ‘शेजारी’ हा शब्द महत्त्वाचा. तात्पुरती फाईल सिस्टिमच्या टेंप फोल्डरमध्ये ठेवली आणि तो फोल्डर वेगळ्या फाइल सिस्टिमवर असला, तर नावबदल होतच नाही, एक्सडेव्ह ही एरर येते.

बिल्डची सगळी विद्या डिस्कवर नक्की काय आहे या एका प्रश्नातून जन्मली, असं मी मानतो. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन एका चुकीमागे अख्खी सकाळ लागले होते. चूक आधीच दुरुस्त झालेली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. ती तक्रार ऐकून स्टुअर्ट फेल्डमननी १९७६ मध्ये मेक लिहिलं: मूळ फाईल बनलेल्या फायलीपेक्षा नवी असेल तरच पुन्हा बनव. नोडच्या जगात जेक या साधनाने तीच रीत जावास्क्रिप्टमध्ये आणली. मी मात्र वेळेऐवजी मजकुराचा हॅश ताडतो, कारण गिट फायलींच्या जुन्या वेळा जपत नाही. नव्या मशीनवर रेपो क्लोन केला की सगळ्या फायली आत्ताच्या वेळेच्या होतात.

ताईंना मी सांगितलं, तुमच्याकडून काही चुकलेलं नाही, नावं बदलू नका. स्क्रिप्टमध्येच फरक केला. आता ती अनुक्रमणिकेतलं नाव घेऊन फाईल मागत नाही. आधी फोल्डरमध्ये जे आहे ते सगळं वाचते. मग प्रत्येक नावाची एक किल्ली बनवते: आधी नॉर्मलाइझ, मग र, हलन्त आणि जोडक हे तिन्ही लागोपाठ दिसले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. अनुक्रमणिकेतल्या नावाचीही तशीच किल्ली, आणि जुळणी फक्त किल्ल्यांची. दोन फायलींची किल्ली एकच निघाली तर ती थांबते आणि दोन्ही नावं सुट्या अक्षरांत दाखवते. कुठली खरी ते ताई ठरवतात. लेखाचं शीर्षक फार लांब असेल तर तेही आधीच सांगते, कारण ईएक्सटी-४ मध्ये फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीत ती ८५ संकेतांतच संपते, आणि जुन्या संपादकांना लांब शीर्षकं प्रिय होती.

जुळणी झाल्यावर फाईल उघडताना मात्र ती किल्ली बाजूला ठेवते आणि डिस्कवरचं नाव घेते, अदृश्य जोडकासकट, जसंच्या तसं.