‘बाधक’ या शब्दाचे भाषांतर

इंदूरच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन भाषांत वावरण्याची इतकी सवय झालेली असते की, एका भाषेतून दुसरीत जाताना मध्ये एक उंबरठा आहे याचेही भान उरत नाही. भाजीवाल्याशी हिंदी, देवघरात मराठी आणि ओटल्यावर दोहोंची सरमिसळ. ‘ओटला’ हा शब्दच पाहावा. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे ‘ओटा’ म्हणतात आणि आमच्या ‘ओटल्या’ला हसतात, आम्ही मात्र चार पिढ्या ओटल्यावरच बसत आलो. तेथेच सकाळचे वर्तमानपत्र, तेथेच पोहे, तेथेच लग्नाची बोलणी आणि तेथेच दुखवट्याची सतरंजी. अशाच एका ओटल्याची आणि आमच्या हातून झालेल्या एका भाषांतराची ही हकिकत आहे.

आम्ही उभयता सेवानिवृत्त शिक्षक. आमच्या प्रभागाचे पार्षद, म्हणजे महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात ते, आमचे जुने विद्यार्थी. शहरात ८५ प्रभाग. त्यांतला आमचा एक लहानसा, जुन्या वाड्यांचा. पार्षदांनी एक चांगला पायंडा पाडला. दर तीन महिन्यांनी ते गल्लीतल्या मारुतीच्या देवळात लोकांना बोलावतात, झालेल्या आणि व्हावयाच्या कामांचा हिशेब देतात आणि त्याचा छापील कागद घरोघर वाटतात. कागद अर्थातच हिंदीत. पण आमच्या गल्लीत अजून अशी वृद्ध मंडळी आहेत की ज्यांना हिंदी अस्खलित बोलता येते, मात्र सरकारी हिंदी वाचताना ती अडखळतात. म्हणून एका संध्याकाळी पार्षद घरी आले आणि म्हणाले, ‘‘सर, मॅडम, आप दोनों इसे मराठी में भी लिख दीजिए. काकू लोग आपका लिखा पढ़ेंगी.’’ निवृत्त शिक्षकाला याहून मोठा सन्मान कोणता? आम्ही त्याच रात्री कामाला लागलो.

प्रारंभीचे कागद मोठ्या उत्साहाचे होते. सांगण्यासारखे पुष्कळ होते. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात आमचे शहर पहिले आले होते. २०२३ साली तो मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. ज्या कोपऱ्यावरून पूर्वी नाकाला पदर लावून जावे लागे, तेथे आता बाक होता. सकाळी पिवळी गाडी गाणे वाजवीत येई आणि ओला, सुका कचरा वेगवेगळा घेऊन जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करण्याची आहे, हे आम्ही कागदात लिहिले तेव्हा एका आजोबांनी तो आकडा तीनदा वाचून घेतला. केळ्याच्या सालीवर बस चालते, हे त्यांना पुराणातल्या चमत्काराहून अधिक भावले.

कागदाच्या तळाशी चार-सहा ओळींची जागा उरे. तेथे शहराच्या इतिहासातले काहीबाही द्यावे, ही आमची सूचना पार्षदांनी मानली. त्या सदरात आम्ही एकदा पॅट्रिक गेडिस यांची गोष्ट दिली. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरास आले आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वडोदऱ्याच्या वाचकांनाही ते नाव परके नसावे. तेथील अहवाल त्यांनी १९१६ साली दिला होता. हे गृहस्थ हाती नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे बोट दाखवून कुजबुजत. चौकशी करता कळले की, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असा लोकांचा समज झाला होता. त्यात नवल ते काय? नकाशेवाला साहेब आला की घरे पाडली जातात, एवढा अनुभव त्या काळी गावोगावच्या लोकांना होता.

गेडिस यांनी यावर रागावण्याऐवजी एक युक्ती योजली. दिवाळीत मोठी मिरवणूक निघेल. मात्र ती ठरीव वाटेने न जाता, ज्या मोहल्ल्यांनी आपली घरे-रस्ते सर्वांत स्वच्छ केले असतील त्यांतूनच जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. लोकांनी गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला, भिंती रंगविल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिकृती होती आणि पांढऱ्या स्वच्छ वेषातले सफाई कामगारही मानाने चालत होते. वस्ती सुधारायची तर ती मुळापासून उपटू नये, जपून शस्त्रक्रिया करावी. जेथे काही काढावेच लागेल तेथे तेवढेच काढावे, हे गेडिस यांचे सूत्र. आम्ही ते त्या कागदाच्या तळाशी मोठ्या कौतुकाने लिहिले.

आणि त्याच कागदाच्या मध्यभागी आमच्या हातून ती चूक झाली.

मूळ हिंदी मजकुरात एक वाक्य होते : मार्ग चौड़ीकरण में बाधक निर्माण हटाए जाएँगे, आपत्तियाँ पंद्रह दिन में दी जा सकेंगी. पार्षदांनी देवळातही हे वाक्य जसेच्या तसे वाचून दाखविले होते. लपविण्याचा त्यांचा हेतू नव्हता. रात्री आम्ही दोघे त्या ओळीपाशी थांबलो. ‘बाधक निर्माण’ म्हणजे रस्त्याच्या आड येणारे बांधकाम; म्हणजे कुणाचा ओटला, कुणाच्या पायऱ्या, कुणाच्या सोप्याचा पुढचा खण. शेजारच्या काकूंचा ओटला त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेला, वर तुळशीवृंदावन. त्या ओटल्याला ‘अडथळा’ म्हणावयास आमची लेखणी धजेना. आम्ही लिहिले : ‘रस्ता प्रशस्त करण्यात येईल.’ पुढचा शब्द ‘आपत्ति’. हिंदीत त्याचा अर्थ हरकत, मराठीत संकट. ‘हरकत’ लिहिले तर भांडणाला आमंत्रण दिल्यासारखे होईल, असे वाटले. आम्ही लिहिले : ‘सूचना असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.’ कोणते वाक्य कोणी सुचविले हे येथे सांगत नाही. त्या कच्च्या कागदावर दोघांचेही अक्षर आहे.

काकूंनी तो कागद भिंग लावून वाचला आणि देवघराच्या कपाटात ठेवला. रस्ता प्रशस्त होणार, चांगलेच आहे. सूचना द्यावी असे आपल्याकडे काही नाही. पंधरा दिवस गेले. दोन महिन्यांनी टेप घेऊन माणसे आली आणि काकूंच्या दारापासून चार फूट आत भिंतीवर लाल रंगाची खूण करून गेली.

त्याच दुपारी काकू आमच्याकडे आल्या. हातात तो कागद. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. ‘‘यात कुठे लिहिलंय हो?’’ त्यांनी विचारले. आम्ही हिंदी कागद काढून ‘बाधक’ या शब्दावर बोट ठेवले. काकूंनी तो वाचला, आपला कागद वाचला आणि दोन्ही घडी करून ठेवले. म्हणाल्या, ‘‘हिंदी कागदही आला होता माझ्याकडे. तुम्ही लिहिलेला होता, म्हणून तो वाचला नाही.’’

एवढेच. आम्ही पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या. आमची वही त्या दिवशी तपासली गेली.

पार्षदांकडे धाव घेतली. त्यांनी धावपळ केली, पण मुदत सरली होती. तुळस काकूंनी स्वतः हलविली. ओटला एका सकाळी, पिवळी गाडी येऊन गेल्यानंतर, अर्ध्या तासात पाडला गेला. खालून निघालेला काळा दगड मात्र मजुरांनी काकूंच्या सांगण्यावरून अंगणात नेऊन ठेवला. आज त्यावर तुळस आहे.

येथे हकिकत संपविली तर ती खोटी ठरेल. पुढल्या पावसाळ्यात काकू न्हाणीघरात पडल्या. रुग्णवाहिका थेट दारापर्यंत आली. पूर्वीच्या गल्लीत ती मारुतीपाशीच थांबली असती आणि काकूंना खुर्चीवर बसवून न्यावे लागले असते. बऱ्या होऊन घरी आल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला. ‘‘रस्ता हवाच होता. मला कुणी समोर बसून सांगितलं असतं, की काकू, चार फूट द्या, तर मी दिले असते. कदाचित तीनच द्या म्हणाले असते, भांडले असते. पण भांडायची संधी माझी होती. ती तुम्ही परस्पर माफ करून टाकलीत.’’

गेडिस यांची मिरवणूक आम्ही वर्षानुवर्षे लोकांना सांगत आलो, पण तिचे मर्म आम्हांला या वाक्याने कळले. त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला नव्हता. वस्तीला आधी विश्वासात घेतले होते. आम्ही मात्र गोड शब्दांनी वस्तीला झोपविले. परप्रांतात मराठी टिकविण्याची भाषा आपण सारे करतो, संमेलने भरवितो. पण दाराशी आलेली नोटीस आपल्या माणसाला स्पष्ट सांगता येत नसेल, तर ती टिकविलेली भाषा काय कामाची? दोन भाषा जाणणाऱ्यावर शेजाऱ्यांचे हे एक ऋण असते. अप्रिय शब्दाला अप्रियच शब्द शोधणे, हे त्यातले पहिले कर्तव्य.

डिसेंबर २०२५ मध्ये आमच्याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात दूषित पाण्याने माणसे दगावली. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात! त्यानंतर देवळात भरलेल्या बैठकीत बाकांविषयी, दिव्यांविषयी कोणी काही विचारले नाही. सर्वांचा प्रश्न एकच : रस्त्याखाली काय आहे? पार्षदांनी सरळ सांगितले की, गल्लीतली पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी जुनी आहे, काही ठिकाणी मलवाहिनीला अगदी लागून गेली आहे, ती बदलावी लागेल. १९७८ साली नर्मदेचे पाणी शहरात आले तेव्हा आम्ही तरुण होतो. नळाला हात लावून नमस्कार करणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या पाण्याविषयी शंका घेण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

या वेळचा कागद आम्ही वेगळ्या क्रमाने लिहिला. आधी जे जाणार ते, मग जे मिळणार ते. ‘प्रत्येक दारापुढे चर खणला जाईल. काही दिवस नळाला पाणी येणार नाही. फरशी उखडली जाईल. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. लिहिता येत नसेल तर आमच्याकडे यावे, आम्ही लिहून देऊ.’ पार्षदांनी तो वाचला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मैडम, हिंदी वाला भी ऐसा ही कर दें?’’ तोही तसाच केला.

छापण्यापूर्वी कच्चा कागद आम्ही काकूंकडे नेला. त्यांनी भिंग लावून शेवटपर्यंत वाचला.

‘‘काही राहिलं का?’’ आम्ही विचारले.

‘‘टँकर कुठे थांबणार, ते लिहा. आणि किती वाजता.’’

ते आम्हांला ठाऊक नव्हते. विचारून आलो आणि लिहिले.