फुलपाखरू सोपं नसतं

टॅटूच्या धंद्यात नवखी असताना मी सगळ्यात बिनधास्त काढायचे ते फुलपाखरू. देवाचा चेहरा बिघडला तर गिऱ्हाईक भांडतं, नावातली वेलांटी चुकली तर जन्माचं हसं होतं. फुलपाखराला कोण नावं ठेवणार? म्हणूनच माझ्या सर्वाधिक चुका फुलपाखरांत झाल्या, आणि त्या लोकांच्या अंगावर अजून आहेत.

त्यातली एक नीलवंताची. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन, 2015 मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या एका शिक्षिकाबाईंना ते खांद्यावर हवं होतं. मी फोनवर एक सुबक फोटो शोधला, तो जसाच्या तसा उतरवला आणि शोभेसाठी मागच्या पंखांना शेपट्याही जोडल्या. पुढे बाईंच्या ओळखीतल्या एका फुलपाखरू निरीक्षकाने टॅटू पाहिला. नीलवंताला अशा शेपट्या नसतात, हे त्याने सांगितलंच. वर म्हणाला, हे फुलपाखरू मेलेलं आहे. संग्रहासाठी कीटक टाचताना पुढचे पंख मुद्दाम वर ओढतात, त्यांची खालची कड अंगाशी काटकोनात येईपर्यंत. त्यामुळे मागच्या पंखांची नक्षी पूर्ण दिसते. जिवंत फुलपाखरू पंख पसरून बसतं तेव्हा पुढचे पंख बरेच खाली असतात आणि मागच्या पंखांचा थोडा भाग झाकतात. बाईंना जगण्याची खूण हवी होती. मी त्यांच्या खांद्यावर संग्रहालयातला नमुना काढून ठेवला होता.

दुसरी चूक कातडीची. नखाएवढं फुलपाखरू, पंखांत केसासारख्या शिरा आणि आत फिकट आकाशी, असं मी कितीतरी मनगटांवर केलं. काम संपल्याबरोबर फोटो काढायचा, वाहवा घ्यायची. खपली पडून गेल्यावरचा टॅटू पाहायला मी कुणाला बोलवतच नव्हते. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातल्या रंगद्रव्यातून आपल्याला दिसते. सावळ्या कातडीत फिकट निळा रंग म्हणजे चहाच्या रंगाच्या काचेतून पाहिलेलं आभाळ. शिवाय रेघा वर्षागणिक थोड्या पसरतात, जवळजवळच्या शिरा एकमेकींत मिसळतात. मनगटाची कातडी पातळ. तिथे माझी सुई जास्त खोल गेली की रेघेभोवती निळसर धूर धरायचा. आता मी तेच चित्र मोठं घेते, शिरा निम्म्या करते आणि काळ्या रंगावर भर देते.

तिसरी चूक अर्थ सांगण्याची. सुरवंट, कोश, परिवर्तन, स्वातंत्र्य हे माझं पाठ केलेलं भाषण होतं. ग्रीक कथांतल्या सायकीला चित्रकार फुलपाखराचे पंख देतात, कारण ती आत्म्याचं रूप मानली जाते. जपानमध्ये फुलपाखरांची जोडी सुखी संसाराची खूण असते. मेक्सिकोत मोनार्क फुलपाखरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात. म्हणून तिथे त्यांना परतलेले पूर्वज मानतात. एवढं सगळं मला ठाऊक होतं. समोरच्या माणसाला ‘तुला हे का हवंय?’ एवढंच विचारायचं राहून जायचं.

एकदा कॉलेजातली एक मुलगी चित्र घेऊन आली. दोन्ही बाजूंना पंख आणि मध्ये शरीराच्या जागी अर्धविराम. मी म्हणाले, “हे काहीतरी अर्धवट दिसतंय, मी नीट अंग काढून देते.” ती हळूच म्हणाली, “ताई, ते राहू दे ना.” मी ऐकलं नाही. मिशा, पोट सगळं व्यवस्थित काढलं. पैसे देऊन ती मुकाट्याने गेली. नंतर मला कळलं की अमेरिकेत 2013 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सेमीकोलन’ने हे चिन्ह रुजवलं. जिथे पूर्णविराम देता आला असता तिथे लेखकाने वाक्य पुढे चालू ठेवलं, हा त्याचा अर्थ. आत्महत्येच्या विचारांतून बाहेर आलेले लोक ते अंगावर घेतात. मी त्या मुलीला फोन केला, माफी मागितली. फुलपाखराखाली छोटा अर्धविराम काढून दिला, अर्थात फुकट. पण तिला हवं होतं ते हे नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तेव्हा फुलपाखरू गोंदवून घ्यायचं असेल तर कलाकाराकडे ताज्या कामाचे नव्हे, वर्षभर जुन्या टॅटूंचे फोटो मागा. स्टेन्सिल लावल्यावर हात सैल सोडून आरशात पाहा. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या हातावर सरळ दिसणारे पंख एरवी पिळवटलेले दिसतात. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला लावा. आणि कलाकार तुमच्या चित्रातली एखादी गोष्ट काढून टाकायला निघाला, तर त्याला तिथेच थांबवा. भीड बाळगू नका. कातडी तुमची आहे.