'येतो' म्हणण्याची जागा

मराठी माणूस कुणाच्या घरून निघतो तेव्हा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. परभाषकाला ह्याचे नवल वाटते, आपल्याला वाटत नाही, कारण लहानपणी कुणीतरी एकदा दटावलेले असते : "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." त्या दटावण्यामागे मरणाचे भय आहे हे पुढे कळते. 'तो गेला' ह्या दोन शब्दांना मराठीत केवढा जड अर्थ आहे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दुकान बंद करायचे तर ते वाढवायचे, देवापुढे नारळ फोडायचा तर तो वाढवायचा, हातातली बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणायचे. शेवटाला वाढ म्हणणाऱ्या भाषेने जाण्याला येणे म्हटले, तर ते तिच्या स्वभावाला धरूनच आहे.

व्याकरणाच्या तासाला मी ह्या 'येतो'चे उदाहरण हमखास देते. रूप वर्तमानकाळाचे, अर्थ संनिहित भविष्याचा. 'तू हो पुढे, मी येतोच' ह्या वाक्यातला 'येतो' खरोखरच संनिहित असतो. निरोपातला मात्र नसतो. तो उद्या येईल, दिवाळीत येईल किंवा चार वर्षांनी येईल. पाहुण्याला 'अतिथी' म्हणण्यामागे, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो, अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. निरोपाचा 'येतो' त्याच जातीचा शब्द आहे. येण्याची हमी त्यात आहे, तारीख नाही.

ही रीत एकट्या मराठीची नव्हे. गुजराती यजमान पाहुण्याला 'आवजो' म्हणून निरोप देतो, बंगाली माणूस निघताना 'आशि' म्हणतो, तमिळ माणूस 'पोयिट्टु वरेन', म्हणजे जाऊन येतो, असे म्हणतो. नागपुरात बसून ह्या गोष्टी कळायला प्रवास करावा लागत नाही. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या नावातच बंगालचे शेजारपण आहे, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे होते.

शब्द टिकतो, पण शब्दाबरोबर रीत टिकतेच असे नाही. रीतीला जागा लागते. 'येतो' ह्या शब्दाची जागा कोणती, हे मला धंतोलीत कळले.

सीताबर्डीच्या दक्षिणेला, वर्धा रोड आणि रेल्वेमार्ग ह्यांच्यामध्ये ही वस्ती आहे. नागपूर राजधानीचे शहर होते त्या काळात वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी अशा मंडळींनी इथे बंगले बांधले. १९५६ साली राजधानीपण गेले, बंगले राहिले. १९२८ साली सुरू झालेला रामकृष्ण मठ इथेच आहे. त्याची मराठी पुस्तके विदर्भातल्या पुष्कळ घरांच्या फडताळांत सापडतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघत आणि एरवी निवांत असलेल्या गल्ल्यांपर्यंत घोषणा ऐकू येत. रात्री अजनीच्या बाजूने गाडीची शिटी येई. एम.ए.ची दोन वर्षे मी ह्या वस्तीतल्या एका घरी इतक्या वेळा गेले की त्या घराच्या फाटकाची कडी कोणत्या बाजूला ओढली म्हणजे आवाज होत नाही, हे मला पाठ झाले होते. घर माझ्या मैत्रिणीचे. तिच्या आजोबांनी, वकिलीच्या भरभराटीच्या दिवसांत, बांधलेले.

त्या घरी जाण्यासाठी आधी कळवावे लागत नसे. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारण्याचे काम चालू असले तर आपणही बादली उचलायची. आधी पाणी, मग पन्हे, मग मैत्रिणीच्या आईचा, म्हणजे काकूंचा, प्रश्न : "काय वाचून राहिल्या सध्या?" बैठकीत आजोबा असत. त्यांच्यासमोर बोलणे बेताचे होई. अभ्यास, परीक्षा, वडिलांची प्रकृती, पाऊस. सगळे नीटनेटके आणि सगळे वरवरचे.

मग मी उठे. "येते काकू." आणि काकू पायांत चपला सरकवत म्हणत, "थांब, फाटकापर्यंत येते."

व्हरांड्यापासून फाटक वीस पावलांवर होते. तेवढे अंतर चालायला आम्हांला कधी कधी तास लागे. एका हाताने कडी धरलेली, अंगावर कडुलिंबाची सावली, आणि आत दीड तासात न निघालेली गोष्ट तिथे निघे. लग्नानंतर सोडून दिलेल्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाबद्दल काकू बोलल्या त्या फाटकाशी. माझ्या घरी पैशाची ओढ आहे हे मी प्रथम कुणाला सांगितले असेल तर काकूंना, आणि तेही फाटकाशीच. मधूनच एकदा "बरं, येते मी" म्हणायचे, पाऊल उचलायचे, आणि पुन्हा थांबायचे. नागपूरकडच्या जुन्या घरांतून वावरलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. भेट संपली असे दोघांनीही जाहीर केलेले असते, म्हणून आता भेटीचे नियम लागू नसतात. बैठकीत मान राखायचा असतो. फाटकाशी मन मोकळे करता येते. उभ्या उभ्या बोलल्यामुळे बोलण्याला ओझे राहत नाही, आणि कोणत्याही क्षणी निघून जाता येते म्हणूनच फार काही सांगता येते.

तेव्हा 'येते' हा भेटीचा शेवट नव्हता. तो भेटीच्या शेवटच्या आणि सर्वांत खऱ्या भागाचा प्रारंभ होता. शब्द उच्चारणे आणि पाऊल प्रत्यक्ष बाहेर पडणे ह्यांच्यामध्ये जो वेळ होता, त्यात मैत्री राहत होती.

घर विकायचे ठरले हेही मला फाटकाशीच कळले. आजोबा गेल्याला काही वर्षे झाली होती, काकांना निवृत्त होऊन दोन. मैत्रीण लग्न होऊन पुण्याला गेली होती. काकूंनी कडीवरचा गंज नखाने खरवडत सांगितले, आणि मग म्हणाल्या, "तिला अजून बोललो नाही. दिवाळीला आली की सांगू." मी तोवर कुणाजवळ बोलले नाही. फाटकाशी ऐकलेले आत नेऊ नये, हा त्या जागेचा अलिखित नियम होता. पुढे मैत्रीण मला एवढेच म्हणाली, "आईनं तुला आधीच सांगितलं असणार. घरात बोलायला तिला जागाच नव्हती."

ह्या एका वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. ते वर्गात शिकवताना विद्यार्थी त्यातल्या वाड्याची तुलना सहजच धंतोलीतल्या पडलेल्या बंगल्यांशी करतात. मला त्या तुलनेत एक अडचण दिसते. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा खचतो तो पैशाच्या अभावाने. शेतीतून आलेली सत्ता ओसरते आणि भिंती सांभाळणे झेपेनासे होते. धंतोलीतल्या बंगल्यांचे उलट झाले. त्यांच्या भिंती शाबूत होत्या, पण त्यांच्या खालच्या जमिनीला अशी किंमत आली की तिच्यावर नुसते राहणे परवडेना. वाडा पडतो तेव्हा नाटककाराला विषय मिळतो. बंगला विकला जातो तेव्हा सगळ्यांचे ठीकच झालेले असते, मुलांना वाटे मिळालेले असतात, आणि रडायला निमित्तही उरत नाही.

बंगल्यांच्या जागी बहुतेक ठिकाणी रुग्णालये आली. आज धंतोली म्हटले की नागपूरकराला आणि थेट बालाघाट-छिंदवाड्याहून येणाऱ्या माणसालाही दवाखाने आठवतात. गल्ल्यांत रुग्णवाहिका आणि औषधांची दुकाने, फुटपाथवर डबा उघडून बसलेले नातेवाईक. वाहनांची कोंडी इतकी वाढली की रहिवाशांनी तो प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला. ज्या वस्तीत लोक गप्पा मारायला येत, तिथे आता आजाऱ्याला बघायला येतात. ह्यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही. रुग्णालय ही बंगल्याहून अधिक लोकांच्या गरजेची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की तिथून निघताना काय म्हणायचे?

कारण रुग्णालयात 'येतो' हा शब्द अडतो. पुन्हा येतो म्हणजे तुम्ही इथेच असाल असे गृहीत धरणे. डॉक्टरही बरा झालेल्या रोग्याला 'या' म्हणत नाहीत. 'जातो' तर खाटेशेजारी तोंडातून निघणेच शक्य नाही. मग लोक 'काळजी घ्या' म्हणतात, 'आराम करा' म्हणतात, नुसते हात जोडतात, आणि वेळ संपल्याची सूचना झाली की सुटल्यासारखे निघतात. २०२०-२१ च्या साथीत हेही उरले नाही. दाराशी डबा द्यायचा, नाव लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि वरच्या खिडक्यांकडे बघायचे. त्या काळात कित्येकांना निरोपाचा कोणताच शब्द वापरता आला नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या दुःखाची हिंमत करून मोजदाद आपल्या साहित्यात अजून व्हायची आहे.

२०२२ मध्ये काकूंना धंतोलीतल्याच एका रुग्णालयात ठेवले होते. त्यांच्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी रोज संध्याकाळी जात असे. तिसऱ्या दिवशी उठताना मी अशीच घुटमळले, तर त्या म्हणाल्या, "अगं, येते म्हण न. मी इथं नसेन, घरी असेन. तिथं ये." आठवड्याने त्या खरोखर घरी गेल्या. शब्द अडला होता तो त्यांनी सोडवला, आणि सोडवताना येण्याचे ठिकाण तेवढे बदलले.

इथे थांबले असते तर हा लेख जुन्या बंगल्यांचे गुणगान झाला असता. तसा तो होऊ नये ह्याला माझ्या वर्गातला एक विद्यार्थी कारण आहे. निरोपाच्या 'येतो'वर मी उत्साहाने बोलत होते. शेवटच्या बाकावरून तो उभा राहिला आणि शांतपणे विचारता झाला : "मॅडम, ज्याला कुणी आत या म्हटलंच नाही, त्यानं निघताना काय म्हणायचं?" वर्गात कुणी हसले नाही. त्याच्या घरच्या मागच्या पिढ्यांनी फाटके बाहेरूनच पाहिली होती. तेव्हापासून मला धंतोलीतल्या त्या फाटकाच्या दोन्ही बाजू दिसतात. काकूंना तिथे मोकळे वाटे, कारण बैठक त्यांची नव्हती. पण त्याच फाटकाशी कुणाकुणाला थांबवले गेले, कोण मागच्या दाराने आले आणि कामे आटोपून शब्दही न बोलता गेले, ह्याचा हिशेब काकूंच्या घराकडेही मागता येईल आणि माझ्या घराकडेही. निरोपाचा शब्द सुंदर आहे, परंतु त्याच्या आधी 'या' हा शब्द उच्चारलेला असावा लागतो. स्वागताचा 'या' ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांना निरोपाच्या 'येतो'चे सौंदर्य दाखवणे ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून फाटक गेले ह्याचे दुःख मी करत नाही. जे फाटकाशी घडत असे ते आता कुठे घडेल, एवढीच चिंता मला आहे. सदनिकेतला निरोप लिफ्टपाशी होतो. दार उघडते, पाहुणा आत शिरतो, 'येतो'तला 'तो' दाराआड जातो. कुणाकडे जायचे तर आधी फोनवर विचारावे लागते, आणि ते योग्यही आहे. अवेळी येणाऱ्या अतिथीचे पन्हे कुणाला तरी करावे लागतच होते, आणि ते करणारी बाई कोण असे हे आपण जाणतो. पण भेटीची वेळ ठरली की निघण्याचीही ठरते, आणि ज्या बोलण्याला उशीर लागतो ते बोलणे राहून जाते.

ह्यावर मोठा उपाय काही नाही, लहान आहे. कुणी निघाले की मी चपला घालते आणि पाहुण्याबरोबर लिफ्टने खाली उतरते. सुरुवातीला लोक संकोचतात. "अहो, कशाला" म्हणतात. खाली वाहनतळ आहे, चौकीदाराची खुर्ची आहे, पिवळ्या दिव्याभोवती किडे आहेत. कडुलिंब नाही. तरी पाच-सहा मिनिटांत बोलण्याचा सूर बदलतो, गाडीची किल्ली हातात असते आणि ती लावली जात नाही. तो विद्यार्थी आता एका महाविद्यालयात शिकवतो. तो घरी येतो तेव्हा वर तासभर आम्ही पुस्तकांविषयी बोलतो, आणि त्याला खरे जे विचारायचे असते ते खाली विचारतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून मैत्रीण आली होती. काकू आता तिच्याकडेच असतात. जेवण झाले, गाडी सुटायला अवकाश होता, ती "येते गं" म्हणाली आणि आम्ही दोघी खाली उतरलो. पाऊण तास उभ्या होतो. चौकीदाराने दोनदा विचारले, ताई, खुर्ची आणून देऊ का? आम्ही नको म्हटले. बसले असते तर ते बोलणे झाले नसते. ती काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. फाटकाशी ऐकलेले आत नेऊ नये.