टिनाची पेटी

नववीच्या मुलींना मी मंटोची 'टोबा टेकसिंह' ही कथा शिकवत होते. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते आणि बिशनसिंह दोन देशांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. कथा संपली तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आपा, यात बाया कुठं आहेत?" बिशनसिंहाची मुलगी रूपकौर त्याला भेटायला येते आणि रडते, एवढंच मी सांगू शकले. तो प्रश्न मात्र घरापर्यंत माझ्यासोबत आला.

त्याचं उत्तर मला एका प्रदर्शनाच्या माहितीत सापडलं. ते प्रदर्शन भरलं तेव्हा मी नरखेड तालुक्यातली लहान पोर होते. चित्रकार नलिनी मलानी यांचा जन्म 1946 चा, कराचीतला. फाळणीमुळं त्यांचं कुटुंब इकडं आलं. 1969 साली अकबर पदमसींनी मुंबईत सुरू केलेल्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला. मे 1998 मध्ये दोन्ही देशांनी अणुस्फोट केले. त्यानंतर मंटोच्या याच कथेवरून त्यांनी व्हिडिओची एक कलाकृती उभी केली. 1999 मध्ये ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मांडली गेली. कलादालनात ठरावीक माणसं जातात. म्युझियममध्ये शाळेच्या सहली येतात, मुंबई पाहायला आलेले पाहुणे येतात.

तिथं बारा टिनाच्या पेट्या होत्या. प्रत्येकीत टीव्हीचा पडदा, त्यावर घरदार सुटलेली माणसं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बाया, एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात आणि मधल्या जागेत पाहणारे उभे.

हे मी अम्मीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग पलंगाखालची आपली टिनाची पेटी ओढून म्हणाली, "याच्यात तुला ठेवलं होतं."

30 जुलै 1991. वर्धा नदीच्या पुरानं आमचं मोवाड बुडालं. दोनशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा वर्षाचीही नव्हते. घरात पुराच्या गोष्टी नेहमी पुरुषांनीच सांगितल्या : पाणी किती चढलं, किती जनावरं गेली. अम्मीनं पेटी रिकामी करून त्यात मला ठेवलं आणि डोक्यावर घेतलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पेटीतून काय काढून टाकलं? लग्नाचे कपडे, नानीची खतं आणि शाळेचा दाखला. पुढं अंगणवाडीत जागा निघाली तेव्हा दाखला नाही म्हणून तिनं अर्जच केला नाही.

खतांवरून मला मोना हातूम आठवल्या. बैरूतमध्ये जन्मलेल्या या फिलिस्तिनी बाई 1975 च्या युद्धामुळं लंडनमध्ये अडकल्या. आईची अरबी खतं आणि आपला आवाज घेऊन त्यांनी 1988 मध्ये एक व्हिडिओ केला. इराणच्या शिरीन नेशात यांनी 1998 मध्ये दोन पडदे समोरासमोर लावले : एकावर भरल्या सभेत गाणारा पुरुष, दुसऱ्यावर रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणारी बाई. तिच्या मुलखात पुरुषांसमोर बाईनं एकटीनं गायला मनाई आहे. देश वेगळे, जबान वेगळी; पण ही दुखणी आमच्या अम्मीला परकी वाटली नाहीत.

मी मोबाइल काढला. अम्मी म्हणाली, "चेहरा नको." म्हणून फक्त तिचे हात, पेटी आणि आवाज घेतला. सहा मिनिटं. वर्गात दाखवणार म्हटल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "मुलींना हे कशाला?" मी म्हटलं, "सर, कथेत बाया कुठं आहेत, असं मुलींनीच विचारलंय."

मुलींनी आवाज न करता पाहिलं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "आपा, माझी दादीही मोवाडची. तिला विचारू?"

हे काम मुंबईच्या म्युझियममध्ये सर्वांसमोर मांडता येतं, तर आमच्या तालुक्याच्या एखाद्या भिंतीवर का नाही? एक पांढरी चादर आणि एक प्रोजेक्टर पुरे. अम्मी अजून तयार नाही. मी घाई करत नाही. पण आता ती पेटी पलंगाखाली ढकलत नाही.