सागरेश्वरला येण्याआधी

पलूस

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

पक्षी सप्ताहात शाळेची मुलं घेऊन सागरेश्वरला येतेस, फार बरं केलंस. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. त्या आठवड्यात आमच्या मंडळाची फेरी असतेच. ‘बिबट्या दिसेल का?’ असं मुलं विचारतात म्हणतेस. दिसेल असं कबूल करू नकोस.

कोयना-चांदोलीचं रान मूळचंच. सागरेश्वर मात्र माणसांनी उभं केलं. इथले डोंगर बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर. बारमाही पाणी नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणवठ्यांवर सगळी भिस्त. लावलेलं रान राखावंही लागतं, हे मुलांना इथं जसं कळेल तसं पुस्तकात कळणार नाही.

चालताना पुढं असलेल्या आमच्या मंडळाच्या पोरानं हात वर केला की जागीच थांबायचं. तो आधी जमिनीकडे बघायला लावतो. सांबराचा खूर चितळाच्या खुरापेक्षा मोठा उमटतो. शिंगं घासून सोललेली खोडाची साल वाटेतच दाखवता येते. हरीण दिसलं नाही तरी ते इथून गेलं, हे मुलं आपणहून ओळखतात, आणि मला तोच क्षण फेरीतला सगळ्यात मोलाचा वाटतो. पक्ष्यांचं म्हणशील तर वेडा राघू, कोतवाल, होला ओळखता आले तरी पुष्कळ झालं. पाणपक्ष्यांसाठी पुढं कधीतरी खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडीच्या तलावांवर जाऊ.

रणशूळ पॉइंटवरून कृष्णाकाठ दिसतो, नजर जाईल तिथवर ऊस. तिथं मी मुलांना मुद्दाम थांबवतो. अभयारण्याचं कुंपण तुटलं की हरणं खाली शेतात उतरतात आणि शेतकऱ्याला पिकासाठी रात्री जागाव्या लागतात. भरपाईचे अर्ज, पंचनामे, हेलपाटे निराळेच. हरणाचं कौतुक करून परत फिरणारी आणि या माणसाला न भेटणारी फेरी मला अर्धीच वाटते. म्हणून उतरताना आपण देवराष्ट्र्याच्या शिवारात जाणार आहोत. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही तेच; वेळ उरला तर त्यांचं घर पाहू.

कपडे मातकट किंवा हिरवे घालायला सांग. अत्तर, स्पीकर नकोत. हरणांपुढे बिस्किटं टाकायची नाहीत. गवत तोवर वाळायला लागलेलं असेल, तेव्हा सोबतच्या मोठ्यांपैकी कुणाच्या खिशात काडेपेटी असू नये. वणवा पेटला तर एवढंसं रान जळायला वेळ लागत नाही.

आणि शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न मुलांनाच लिहू दे, तू सांगू नकोस.

तुझा,
दत्तामामा